भिंतीच्या काखा

"इथं कुणी झोपत नाही ना?" एसीवाल्यानं विचारलं. त्यानं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं होतं आणि त्या फटीत मान घालून तो वाकूनच बोलत होता, त्यामुळे आवाज कपाटातून आल्यासारखा वाटला. मी दारात उभी होते. "आता नाही," मी म्हणाले. तो बाजूला झाला आणि मला दिसावं म्हणून त्यानं मोबाइलचा उजेड आत धरला. परक्या माणसानं आपल्या घरातलं काही आपल्याला दाखवलं की आधी लाज वाटते, ते काय आहे ते मग दिसतं. छताशी एसी बसवला होता तिथून खाली, कपाट जेवढं उंच होतं तेवढी भिंत काळी पडली होती. नुसती काळी नाही. कडांना हिरवट, मध्ये करडी, आणि वर बारीक लव, मांजराच्या कानात असते तशी. रंगाचे पोपडे सुटून आतल्या बाजूला वळले होते. मी नीट बघण्यासाठी पुढे झाले, आणि कपाटामागे कोंडून राहिलेला वास एकदम अंगावर आला. तो नवा नव्हता. मला चांगला ओळखीचा होता. गेले कितीतरी महिने मी त्याला आई म्हणत होते.

एसीवाला बोलका होता. "नळीला उतारच नाही दिलेला," तो खिशातून रुमाल काढत म्हणाला. "उलट चढ आहे. पाणी काय डोंगर चढणार? ते आपलं शिरलं भिंतीत. बसवल्या दिवसापासून शिरत असणार. आता भिंतीचं पोट भरलं, म्हणून पलंगावर गळायला लागलं, नाहीतर तुम्हाला कळलंही नसतं." त्यानं रुमाल नाकावर बांधला. "वास नाही आला तुम्हाला?" "आला," मी म्हणाले. "मग?" मग काय, हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं. "आम्हाला वाटलं, हवा दमट आहे म्हणून येत असेल," मी म्हणाले, आणि ते 'आम्हाला' ऐकून घरात आणखी कुणी आहे की काय म्हणून तो बाहेरच्या खोलीकडे बघू लागला. मग, कुणी नाही असं बघून, तो खिडकीपाशी गेला आणि त्यानं कडीला हात घातला. "नको!" मी ओरडले. माझाच आवाज ऐकून मी चरकले. त्याचा हात कडीवर तसाच राहिला. "माश्या येतात," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग हसला. "बाई, माश्यासुद्धा यायच्या नाहीत आता इथं."

नळी सरळ करून तो गेल्यावर मी खोलीचं दार आतून लावून घेतलं. पलंगावर बसले. सगळं कळून चुकल्यावरसुद्धा मी नेहमीसारखा एक लांब श्वास घेतला. सवयीनं. आणि सवयीनंच माझे डोळे भरून आले. नाकाला अजून कुणी सांगितलं नव्हतं. मग ते सांगितलं गेलं असावं, कारण मी उठून बाहेर आले, हात धुतले, तोंड धुतलं, आणि टॉवेलनं तोंड पुसताना टॉवेलचाही वास घेऊन बघितला.

आई गेली त्यानंतर उरलेली औषधं गोळा करायला मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले होते, तेव्हा हा वास आला आणि मी औषधं तशीच टाकून पलंगावर बसले. खोलीत ती नव्हती, पण ती नसण्याआधीची सगळी हवा होती. जरा आंबूस, जरा ओल्या मातीसारखा, खाली कुठंतरी गोडसर. आजारी माणसाचा, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या शरीराचा. मी पुष्कळ वाचलेलं होतं. माणूस गेल्यावर त्याचे कपडे, त्याची उशी, त्यांत राहिलेला त्याचा वास, हे सगळं पुस्तकांमधून मला इतकं ठाऊक होतं, की माझ्यावर वेळ आली तेव्हा मी त्या दुःखाला लगेच जागा करून दिली. दारात पाहुणा आला की आपण पाट मांडतो, पण तो आपल्याकडेच आलाय की चुकून शेजाऱ्याचं दार समजून आलाय, हे विचारत नाही. मी खिडकी लावली. दार लावलं. आईची करडी शाल कपाटातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीतली हवा दाबून काढली आणि तोंड बांधून ठेवलं. फार वेळा उघडायची नाही, वास उडून जाईल, असं ठरवलं. वास उडून गेला नाही. उलट वाढत गेला, आणि मला त्याचं नवल वाटण्याऐवजी बरं वाटलं. मला वाटलं, हे प्रेमाचंच काहीतरी आहे. आता ते आठवताना कानशिलं तापतात. माणसं गेलेल्या आईच्या नावानं पाणी सोडतात. मी पाणी पाजत होते, एसी लावून, बुरशीला.

आणि मी एकटीच असते तर एक वेळ चाललं असतं. मी मावशीला बोलावलं होतं. मावशी आईची धाकटी बहीण. दोन रस्ते पलीकडे राहते. एका रविवारी ती आली, तेव्हा मी, काहीतरी मौल्यवान दाखवायचं असल्यासारखी, तिला म्हणाले, "मावशी, जरा आत ये. दार लावून घे. आता श्वास घे." ती मधोमध उभी राहिली. तिनं डोळे मिटले. "अगं बाई," ती म्हणाली. "ताई." तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती येते. चपला बाहेर काढते, पदर सावरते, कुणाच्या घरी भेटायला गेल्यासारखी खोलीत जाते, आणि आई झोपायची तिथंच पलंगावर पाय वर घेऊन बसते. मी तिच्यासाठी एसी लावून देते, कारण खिडकी उघडायची नसते. आठवड्यात काय काय झालं ते ती आत बोलत असते. मला बाहेर नुसती गुणगुण ऐकू येते, मध्ये हसण्याचा आवाज. बाहेर आली की चहा घेते आणि म्हणते, "जीव निवला." आणि मग खोकते. आधी घसा साफ केल्यासारखं होतं. मग खोकला झाला. मग त्या खोकल्याला तळ आला, आत काहीतरी सरकल्यासारखा. "माझ्या खोकल्याला औषध चालत नाही," ती म्हणायची, "हट्टी आहे. आमच्या घराण्याचा दिसतो." मी हसायचे, आणि तिला आलं घातलेला दुसरा कप द्यायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा दार लावून घ्यायचे.

मला आवाज कळतात, निदान तसा पगार मिळतो. मी लोकांचे कान तपासते. आमच्या दवाखान्यात एक पेटीएवढी खोली आहे, भिंतींना जाड मऊ अस्तर लावलेली. तिथं माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेच्या या बाजूनं बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की बटण दाबा, एवढंच. एसीवाला येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक निवृत्त पोस्टमास्तर आले होते, सुनेबरोबर. मी आवाज सोडलाच नव्हता, तरी त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काचेतून माझ्याकडे बघून हसले, पास झाल्यासारखे. असं होतं. माणसं लाजेपोटी ऐकतात. समोरचा काहीतरी अपेक्षेनं बघतोय असं वाटलं की हो ला हो करतात, आणि हे मला वर्षानुवर्षांच्या कामानं इतकं पक्कं माहीत आहे की नवीन मुलींना शिकवताना मी पहिल्या दिवशी हेच सांगते: माणूस हो म्हणतो म्हणजे त्याला ऐकू आलं असं नव्हे. त्या दिवशी काचेत पोस्टमास्तरांच्या चेहऱ्यावर माझा चेहरा पडला होता. मी तपासणी पुढे ढकलली. बरं वाटत नाही म्हणाले. सून चिडली, आणि तिचं बरोबर होतं.

कारण आई म्हणाली होती. हेच तर होतं. तिनं सांगितलं नव्हतं असं नाही. तिच्यासाठीच एसी बसवून घेतला होता, उकाड्यात तिला पडून राहणं सोसवत नव्हतं म्हणून, आणि थोड्याच दिवसांत एका दुपारी मी तिच्या उशीचा अभ्रा बदलत असताना ती म्हणाली, "ह्या भिंतीत पाणी वाजतंय." मी कान देऊन ऐकलं, मला काही ऐकू आलं नाही. मग मी काय केलं? मी दवाखान्यातलं लहान यंत्र घरी आणलं आणि तिचे कान तपासले. पलंगावर ती हेडफोन लावून बसली, विमान चालवणाऱ्यासारखी, बटण हातात घट्ट धरून, आणि एकही आवाज तिनं हुकवला नाही, नसलेल्या आवाजाला एकदाही दाबलं नाही. "तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," मी म्हणाले. "मग पाण्याचं काय?" तिनं विचारलं. मी म्हणाले, या वयात कानात असे आवाज होतात कधीकधी, काळजी करण्यासारखं नसतं. तिचे कान उत्तम आहेत हे तपासून, तिला जे ऐकू येतं ते नाही असं मी तिलाच समजावून सांगितलं. शिकलेल्या माणसाखेरीज हे कुणाला जमलं नसतं.

वास त्यानंतर आला. आधी तो तिलाच आला. मी कामावरून येऊन तिच्या खोलीत गेले तर तिनं नाक वर करून म्हटलं, "येतोय ना?" "काय?" "वास. भिंतीचा." मी वास घेतला. आला. मी तिच्याकडे बघितलं, तिच्या बारीक झालेल्या मनगटांकडे, गळ्याशी साचलेल्या घामाकडे. माझ्या मनात काय आलं ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती पटकन विनोदावर गेली. ते तिचं नेहमीचंच. "भिंतींना कान असतात म्हणतात," ती म्हणाली. "ह्या भिंतीला काखा आहेत." मी हसले. मनापासून हसले. आणि हसता हसता मला तिची कणव आली. मला वाटलं, बिचारी, स्वतःचं झाकण्यासाठी किती धडपडतेय. मी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो आई. भिंतीचाच."

तो शब्द मी आठवडाभर मनात घोळवत होते. 'भिंतीचा' म्हणाले असते तर मी तिचं ऐकलं असं झालं असतं. उठून कपाट ओढलं असतं. 'भिंतीचाच' म्हणाले. तो च आपण लहान मुलांना लावतो. हो, चांदोबा तुझ्याच मागे येतोय. म्हाताऱ्यांना लावतो. हो, तुमचंच खरं. त्या एका अक्षरात मी तिला थोपटून गप्प केलं, आणि तिचे कान चांगले होते, मी स्वतः तपासले होते. तिनं तो च ऐकला. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं मान दुसरीकडे वळवली. भिंतीकडेच. त्यानंतर तिनं भिंतीचं नाव काढलं नाही. काही दिवसांनी, मी पाठ पुसून देत असताना, तोंड तिकडेच ठेवून तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "माझा वास येतो का गं?" "छे गं," मी म्हणाले. "कसलाच येत नाही." तिला येत होता ना. तिच्या नाकाला येत होता, आणि मी कसलाच येत नाही म्हणत होते, म्हणजे मी खोटं बोलत होते, म्हणजे तो तिचाच होता. इतकं सरळ आहे ते. पण कपाटामागचा उजेड पडेपर्यंत मी हे गणित एकदाही मांडलं नव्हतं. त्यानंतर ती दिवसातून दोनदा अंग पुसून मागू लागली, थंडी वाजत असली तरी. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. मी जवळ वाकले की श्वास धरायची. मला वाटायचं, दुखतंय. मी खोलीत सुगंधी फवारा मारायचे, ती झोपलेली असताना. ती झोपलेली नसायची, हे मला आता कळतं.

शुक्रवारी मावशीचा फोन आला. "रविवारी जरा लवकर येईन," ती म्हणाली, आणि मग खोकली, फोन बाजूला धरून. तरी मला तो सगळा ऐकू आला, शेवटपर्यंत. "डॉक्टर म्हणतात फोटो काढा छातीचा. मी म्हटलं, या वयात फोटो? आधी केस तरी विंचरू द्या." मी हसले नाही. "मावशी," मी म्हणाले, "या रविवारी नको येऊस." "का गं?" "घरात काम काढलंय." "काम तुझं, मी कुठं तुझ्या कामात येते? मी आत बसेन ताईपाशी." इथं मी सांगायला हवं होतं. तोंडात शब्द तयार होता. पण तो बाहेर काढायचा म्हणजे तिला सांगायचं, तुझी ताई तिथं नाही, तू इतके रविवार एका ओल्या भिंतीला सुखदुःख सांगत होतीस आणि ती भिंत तुझी छाती खात होती, आणि तुला तिथं मी बसवलं. "बरं," मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मला सुचलं की न सांगताही निभेल. आधीच सगळं खरवडून धुऊन टाकायचं, आणि ती आली की म्हणायचं, वास गेला गं, असाच गेला. ती रडेल. आपणही रडू. ताई आता खरंच गेली म्हणेल. खोकला कमी होईल आणि का कमी झाला ते तिला कळणार नाही. मला तो बेत इतका सुबक वाटला की मी त्या रात्री शांत झोपले, आणि सकाळी उठल्यावर त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. तरीही मी दुकानात जाऊन मास्क आणला, रबरी हातमोजे, ब्लीच, आणि रंगारी वापरतात तसली पत्र्याची पट्टी.

रविवारी जेवण झाल्याबरोबर मी कामाला लागले. कपाट रिकामं करून बाहेर ढकललं. शालीची पिशवी उघडली, शेवटचं म्हणून. आत तोच वास होता, भिंतीचा, अगदी दाट. आणि घडीच्या वळणावर बारीक काळे ठिपके, कुणी पेनाचं टोक टेकवल्यासारखे. मी ती बादलीत बुडवली. मग भिंतीवर पाणी मारलं आणि पट्टीनं घासायला सुरुवात केली. बुरशी कोरडी उडत नाही, ती ओली होऊन ओघळते, काळं पाणी हातमोज्यांवरून कोपरापर्यंत येतं. तिच्याखाली रंग, रंगाखाली गिलावा मऊ झालेला, नखानं निघेल असा. घासत गेले तसा वास आधी वाढला. इतका वाढला की मास्कमधूनही आला, आणि त्यात क्षणभर, खरंच, आई अगदी जवळ आल्यासारखी झाली. माझा हात थांबला. मी त्या भिंतीपाशी उभी राहून तिला म्हणाले, "आई," आणि मग पट्टी पुन्हा लावली. घासताना मी मोठ्यानं रडत होते का, ते मला माहीत नाही. दाराची घंटा मला ऐकू आली नाही एवढं खरं. मावशीकडे किल्ली असते.

"हे काय चाललंय?" मावशी खोलीच्या दारात उभी होती. तिचा एक हात छातीवर होता. पलंग उभा करून ठेवलेला, गादी बाहेर, जमिनीवर काळी थारोळी. "काय करतेयस तू? खोली धुतेस?" "मावशी, तू बाहेर थांब. तोंडाला रुमाल लाव आधी." "ताईच्या खोलीत मी रुमाल लावू?" तिचा आवाज चढला. "इतकी घाई झाली तुला? मला विचारलंस? फोनवर म्हणालीस काम काढलंय, हे काम? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजले असते. तुझं नाक बरं आहे ना? एवढा तिचा वास उरला होता घरात, तोही पुसायला निघालीस!" आणि ती खोकू लागली. चौकट धरून, वाकून, श्वास परत मिळेपर्यंत. मी मास्क काढला. मास्क घालून हे बोलता आलं नसतं. "तो आईचा वास नाही," मी म्हणाले. "मग कुणाचा?" माझ्या जिभेवर 'भिंतीचाच' आलं होतं. च मी गिळला. "भिंतीचा," मी म्हणाले.

ती पुढे आली. मी अडवलं नाही. तिनं भिंत बघितली, वरून खाली, मी घासलेला भाग आणि न घासलेला. न घासलेल्या काळ्या लवेपाशी तिनं नाक नेलं आणि एकच श्वास घेतला. मग ती मागे झाली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची आईच्या आजारपणापासून तिथंच आहे. मधल्या सगळ्या रविवारांत मावशी तिच्यावर बसलेली मी पाहिली नव्हती. "मी इथं बसायचे," ती म्हणाली. "शेवटी शेवटी. आत यायला लागले की ताई म्हणायची, तिथंच बस. जवळ येऊ नकोस, एसीचा वारा लागेल तुला, सर्दी होईल. मला सर्दी! मी पावसात वाळवलेली, मला म्हणे सर्दी. मला वाटलं, रागावलीय. घरी जाऊन आठवत बसायचे, माझं काय चुकलं. ती गेली तरी आठवत होते. म्हणून इथं येऊन तिच्या जागी बसायचे ना. म्हटलं, आता तर तू उठवणार नाहीस." ती भिंतीकडे बघत होती. "का बसू देत नव्हती मला?" "तिला वाटत होतं, तिच्या अंगाला वास येतो." "तिला असं कुणी सांगितलं?" "कुणी नाही," मी म्हणाले. आणि हे खरं होतं, म्हणून आणखीच वाईट होतं. "ती म्हणत होती भिंतीचा आहे. मी म्हणाले, हो आई, भिंतीचाच."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "असं म्हणालीस," ती म्हणाली, आणि मग अगदी हळू, माझ्याच आवाजात, माझाच लाडिक हेल काढून तिनं तो शब्द म्हटला: "भिंतीचाच." मला खोलीतून निघून जावंसं वाटलं. "ताईला ते कधी आवडलं नाही," ती म्हणाली. "समजूत काढल्यासारखं बोललेलं. लहान असतानासुद्धा. आमची आत्या तिला 'हो हो, तुझंच खरं' म्हणायची तेव्हा ती चावली होती आत्याला. दंडाला." "मला नाही चावली," मी म्हणाले. "तुला कशी चावेल," मावशी म्हणाली. ओल्या भिंतीतून खाली एक थेंब पडला, आणि दोघींनाही ऐकू आला. मी तिला आईचा तो विनोद सांगितला, कानांचा आणि काखांचा. सांगायचा नव्हता, निघून गेला. मावशी हसली. आधी ओठांनी, मग सगळं अंग हलवून, मग खोकला आणि हसू एकत्र होऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "काखा!" ती म्हणाली. "ही ताईच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि आपण दोघी वळसा घालतोय, दर रविवारी, चपला काढून!" ती उठली आणि जाऊन तिनंच खिडकी उघडली. कडी गंजली होती, तिनं ती मुठीनं ठोकली. रस्त्याचा आवाज आत आला, कुणीतरी कुणाला तरी गाडी मागे घे, मागे घे म्हणून ओरडत होतं.

खिडकीपाशी उभं राहून तिनं विचारलं, "मग ताईचा वास कसा होता गं?" मला तिचा साबण आठवला. "तो साबणाचा," मावशी म्हणाली. डोक्याला लावायचं तेल. "ते बाटलीचं झालं. ताईचा सांग." मी आठवत गेले, एसीच्या आधीची वर्षं, शाळेतून आल्यावर तिच्या पोटावर डोकं ठेवायचे ती जागा, तापात ती गाल माझ्या मानेपाशी टेकवून ताप बघायची ती पद्धत, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण नाकापाशी येऊन प्रत्येक वेळी ती भिंत आड येत होती. त्या भिंतीनं मागचंसुद्धा सगळं भरून टाकलं होतं. "मला नाही आठवत," मी म्हणाले. हे बाकी सगळ्यापेक्षा कठीण होतं. "मलाही नाही," मावशी म्हणाली.

मग ती माझ्याकडे आली. हातमोजे काढ म्हणाली. मी काढले. तिनं पदर कमरेला खोचला आणि उजवा हात सरळ वर केला, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. "ये इकडे." "काय?" "आम्ही दोघी एका पांघरुणात वाढलो. एक घोंगडी, एक ताप, एकाच रक्ताचा घाम. मला माझा कळत नाही, कुणालाच स्वतःचा कळत नाही. तू हुंगून बघ." "मावशी, काहीतरीच काय." "लाजतेस काय? लाजून काय होतं ते बघितलं ना आपण दोघींनी?" तिला हात वर धरवत नव्हता. मी जवळ गेले. ती माझ्यापेक्षा बुटकी आहे, मला गुडघ्यात वाकावं लागलं. मी तिच्या काखेत नाक नेलं. सुती ब्लाउज, थोडी पावडर, छातीला चोळलेल्या मलमाचा झणझणीतपणा, चालत आल्याचा घाम, आणि त्या सगळ्याच्या मागे, अगदी मागे, काहीतरी कोमट. ते काय होतं ते मला सांगता येईना. माझ्या डोक्यावर तिचा श्वास घरघरत होता, आणि तो तिनं धरला होता, मला नीट हुंगता यावं म्हणून. "येतो का?" तिनं विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं. ती हो ऐकायलाच उभी होती. मी हाच प्रश्न पूर्वी एकदा ऐकला होता, याच खोलीत, आणि तेव्हा उत्तर द्यायला मला क्षणही लागला नव्हता.

"थांब," मी म्हणाले. "हात खाली करू नकोस. नीट बघू दे."